दहा जणांची प्रार्थना, एकट्याचा तास

ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या पहिल्या पानांत देव जग घडवतो आणि घडलेल्या एकेका गोष्टीकडे पाहून ती छान झाल्याची पावती देतो. उजेड, जमीन, झाडं, जनावरं, सगळ्यांना ती मिळते. एखादी गोष्ट बरी नाही असं तो पहिल्यांदा म्हणतो, ते माणूस एकटा आहे याबद्दल. तोवर साप आलेला नाही, फळ खाल्लेलं नाही, मरण कुणाला ठाऊक नाही. त्या निष्पाप बागेतही एवढी एक उणीव राहिलेली असते.

ज्यूंच्या उपासनेचा सगळा बांधाच या उणिवेला दिलेलं उत्तर आहे, असं मला वाटतं. सार्वजनिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ माणसं लागतात. त्यांना मिन्यान म्हणतात. परंपरेने हे दहा पुरुष असत. गेल्या शतकापासून काही पंथांत स्त्रियाही मोजल्या जातात. नऊ महापंडित जमले तरी तोराचं विधिवत वाचन होत नाही. दहावा म्हणून कुणी साधा दुकानदार आत आला, की होतं. हा दहाचा आकडा आला कुठून? मोशेने कनान देश पाहून यायला बारा हेर पाठवले होते. दोघे हिमतीने बोलले, उरलेल्या दहांनी भेदरून लोकांचा धीर खचवला. देव रागाने ज्या मंडळीला बोल लावतो ती हीच, आणि तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात पंडितांनी समूहाचं माप तिच्यावरून घेतलं. मला हे फार थोर वाटतं. देवासमोर उभं राहायला जो जमाव पुरतो, त्याचा नमुना कच खाल्लेल्या माणसांचा आहे.

आई किंवा वडील गेले की मूल अकरा महिने कद्दिश ही प्रार्थना म्हणतं. तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही, देवाची थोरवी आहे. पण ती घरी एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण हवेत. ज्या दुःखात माणूस दार लावून बसला असता, त्याच दुःखात त्याला रोज माणसांत जावं लागतं.

मग एकांताला जागाच नाही की काय? आहे, आणि आधी ती या दहांच्या मधोमधच सापडते. अमिदा ही मुख्य प्रार्थना पाय जुळवून, यरुशलेमकडे तोंड करून, ओठ हलवत म्हणायची. आवाज आपल्या कानांपुरता. हा पाठ पंडितांनी हन्नाकडून घेतला. मूल नाही म्हणून शिलोच्या मंदिरात ती अशीच पुटपुटत रडत होती आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटली. त्या बाईची रीत पुढे सगळ्या समाजाच्या प्रार्थनेची रीत झाली.

गावाबाहेरचा एकांतही आहे, पण त्याची परीक्षा कडक. दुसऱ्या शतकात रोमनांनी रब्बी शिमोन बार योखाय यांना देहदंड फर्मावला. मुलाला घेऊन ते एका गुहेत लपले. कॅरबचं झाड आणि पाण्याचा झरा यांवर त्यांनी बारा वर्षं काढली, गळ्यापर्यंत वाळूत बसून तोराचा अभ्यास केला. तालमूद सांगतो की ते बाहेर आले तेव्हा लोक शेत नांगरत होते. शाश्वत सोडून हे मातीत कसे रमतात, या संतापाने ते जिथे पाहत ते जळून जाई. तेव्हा आकाशवाणी झाली: माझं जग उद्ध्वस्त करायला आलात का? परत गुहेत जा. आणखी बारा महिन्यांनी ते बाहेर पडले तेव्हा शुक्रवारच्या सांजेला एक म्हातारा शब्बाथसाठी, आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, सुगंधी मर्टलच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने निघालेला दिसला. त्याला पाहून बापलेकांचं मन निवलं. एकांतात काय मिळवलं, याची कसोटी गुहेबाहेर लागते.

युक्रेनमध्ये ब्रातस्लावचे रब्बी नाखमान (1772–1810) यांनी तर एकांत रोजचाच करून टाकला. दररोज तासभर रानात, शेतात, शक्यतो रात्री जायचं आणि देवाशी घरच्या भाषेत, म्हणजे यिडिशमध्ये बोलायचं. कर्ज, भांडण, लाज, सगळं सांगायचं. काहीच सुचलं नाही तर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा. पण हेच गुरू शिष्यांना बजावत की नववर्षाला, रोश हशानाला, माझ्यापाशी या. आजही त्या दिवशी उमानमध्ये त्यांच्या समाधीपाशी हजारो माणसं दाटतात.

आणि एलिया संदेष्टा! राणी ईजबेल जिवावर उठली तेव्हा तो होरेब डोंगराच्या गुहेत जाऊन बसला आणि देवाला म्हणाला, मी एकटाच उरलो. त्याला कळलं की आणखी सात हजार निष्ठावंत शिल्लक आहेत. देवाने त्याला परत पाठवलं, आणि अलीशा त्याच्या सोबतीला आला. पुढे परंपरेने त्याला घराघरातला पाहुणा केलं. प्रत्येक सुंतेला त्याची खुर्ची मांडतात, वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने त्याला सगळ्यांहून जवळ केलं. अलिबागजवळ सागावला एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फिटला, लग्न ठरलं, की एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करायचा: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. 1948 नंतर समाजातले बहुतेक जण इस्रायलला गेले. कोकणातल्या सिनेगॉगांत आता दहा माणसं जमवणं अवघड झालं आहे. पण अश्दोद, लोद, दिमोना इथल्या घरांत आजही पोहे भिजतात, नातलग जमतात आणि एलियाहूच्या नावाने मलिदा होतो.