औषधाच्या बाटलीवरील मजकूर

खामगावच्या पेठेत चांदी घेताना आपण शिक्का निरखून पाहतो. पोटात जाणाऱ्या औषधावरील मजकूर मात्र वाचीत नाही. १९४० चा औषधविषयक कायदा आणि १९४५ चे नियम यांनी हा मजकूर ठरवून दिला आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे दुकानात तयार केलेल्या औषधावर विक्रेत्याचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषधाचे प्रमाण, नोंदवहीतील क्रमांक आणि मात्रा लिहिलेली हवी. औषध वरून लावायचे असेल, तर तशी स्पष्ट सूचना हवी.

पण आज बहुतेक औषधे कारखान्यातून तयार होऊनच येतात. त्या पाकिटावर औषधाचे व निर्मात्याचे नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख असते. रोग्याचे नाव वा त्याची मात्रा नसते. ती चिठ्ठीवरच राहते. त्यातून पाकीट कापून चारच गोळ्या दिल्या, की तारीखही पुष्कळदा दुकानातच राहते. मेहकर-लोणारकडील खेड्यात परतलेल्या वृद्धाच्या हाती मग उरते ती मुकी गोळी.

म्हणून आम्ही सुचवितो : तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा, मात्रा व वेळ मराठीत लिहवून घ्यावी आणि औषध संपेपर्यंत चिठ्ठी जपावी. विचारणे हा विक्रेत्यावरील अविश्वास नव्हे. तो रोग्याचा हक्क आहे.