चॉपर मोटारसायकलची घडण

अमेरिकेतील महामार्गांवर कधीकधी एक चमत्कारिक मोटारसायकल दृष्टीस पडते. तिचे पुढचे चाक, जणू दुसऱ्याच एखाद्या वाहनाचे असावे, इतके स्वाराच्या पुढे गेलेले असते. हँडल उंच, बैठक बुटकी, आणि मागच्या चाकास बहुधा स्प्रिंग नाहीच. हिला चॉपर म्हणतात. चॉप म्हणजे तोडणे, छाटणे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यानंतर तेथील तरुणांनी हार्ले-डेव्हिडसनसारख्या अवजड गाड्यांची मडगार्डे, पेट्या व अनावश्यक पत्रे छाटून त्या हलक्या करण्याचा सपाटा लावला. आरंभी हेतू वेगाचा होता. पुढे करवत मडगार्डावरून सांगाड्याच्या मानेपर्यंत पोचली आणि या छंदास यंत्रशास्त्राचे नियम लागू झाले.

१९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने चॉपरचे रूप जगभर नेले. त्यातील गाड्या लॉस एंजेलिसमधील क्लिफ व्हॉज व बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांच्या कल्पकतेतून व हातांतून उतरल्या होत्या. पोलिसांनी वापरून काढून टाकलेल्या जुन्या गाड्यांपासून त्या घडविलेल्या होत्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र दोघांचीही नावे नव्हती. त्यांना योग्य मान मिळण्यास कित्येक दशके जावी लागली.

सांगाड्याच्या अगदी पुढे एक आखूड, जाड नळी असते. हीच मान. हँडल आणि पुढचे चाक धरणारा फोर्क, म्हणजे सायकलवाले ज्यास चिमटा म्हणतात तो, या नळीत फिरतो. नळी उभी नसते. ती मागे कललेली असते. नेहमीच्या मोटारसायकलीत हा कल उभ्या रेषेपासून सुमारे २५ ते ३० अंशांचा असतो. चॉपर बांधणारा तो ४० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही पुढे नेतो. चाक पुढे जाते ते यामुळे. आणि फोर्क लांब करावा लागतो तोही यामुळेच, कारण कल वाढविल्यावर जुन्या फोर्कने गाडीचे नाक जमिनीकडे झुकेल.

आता मानेची रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढवावी. ती जमिनीस जेथे मिळते तो बिंदू, टायर जेथे टेकतो त्या बिंदूच्या पुढे असतो. या दोहोंतील अंतरास ट्रेल म्हणतात. रुग्णालयातील खाटेची लहान चाके पाहिली म्हणजे त्याचे कार्य कळते. खाट ढकलली की चाक फिरून आपल्या खिळीच्या मागे येते व मागेच राहते. मोटारसायकलचे पुढचे चाकही असेच आपल्या अक्षामागे ओढले जाते आणि सरळ राहू पाहते. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सायकली मुद्दाम बिघडवून याची परीक्षा घेतली. ट्रेल पुष्कळ वाढविलेली त्याची सायकल ढकलून सोडली असता स्वारावाचूनही सावरत धावे. चाक पुढे सरकवून ट्रेल उलटी केलेल्या सायकलीवर तोल राखणे महाकठीण झाले. (ट्रेल हे स्थैर्याचे एकमेव कारण नव्हे, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वजनाची मांडणी जुळवून, ट्रेलवाचूनही स्थिर राहणारी सायकल संशोधकांनी करून दाखविली. रस्त्यावरच्या गाडीस मात्र ट्रेलचा आधार सोडणे परवडत नाही.)

ट्रेलचे गणित शाळेतील त्रिकोणमितीने सुटते. चाकाच्या त्रिज्येस कलाच्या साइनने गुणावे. मानेच्या रेषेपासून चाकाचा आस जितका पुढे असेल तितके त्यातून वजा करावे. आणि उरेल त्यास कलाच्या कोसाइनने भागावे. समजा, त्रिज्या ३३ सें.मी. आणि आस ५ सें.मी. पुढे आहे. कल ३० अंश असता ट्रेल सुमारे १३ सें.मी. येते. तीच मान ४५ अंशांवर नेली, तर ट्रेल सुमारे २६ सें.मी., म्हणजे दुप्पट होते. अशी गाडी सरळ रस्त्यावर बाणासारखी जाईल. परंतु चौकात सावकाश वळताना हँडल जड होईल, आणि थोडे वळविताच पुढचे चाक आपल्याच भाराने बाजूस कोसळू पाहील. जुनी १३ सें.मी. ट्रेल परत हवी असल्यास आस ५ ऐवजी सुमारे १४ सें.मी. पुढे न्यावा लागेल.

आस पुढे नेण्याचा सोपा मार्ग म्हणजे फोर्कच्या दोन नळ्या धरणाऱ्या पट्ट्या, ज्यांस गॅरेजात ‘टी’ म्हणतात, त्या अशा कापणे की नळ्या मानेस समांतर न राहता आणखी पुढे झुकतील. येथेच नवख्याचा घात होतो. अशी टी बाजारात तयार मिळते. मान कापण्याचे कष्ट वाचवून तो ती मूळच्याच सांगाड्यास लावतो. वरील उदाहरणात मान ३० अंशांवरच ठेवून ८० सें.मी. लांबीचा फोर्क ७ अंशांनी अधिक झुकविला, तर ट्रेल अवघी २ सें.मी. उरते. दिसावयास गाडी खरी चॉपर, आणि वेग वाढताच हँडल थरथरू लागण्याचा धोका. डोळ्यांना दिसतो तो फोर्कचा कल; चाकास वळण लावते ती मानेची रेषा.

सांगाडा बांधण्यास सुमारे सव्वा इंच व्यासाची, ३ मि.मी. जाडीची पोलादी नळी घेतात. ती वाकविताना आतून चेपू नये म्हणून व्यासास बरोबर बसणारा साचा लागतो. जेथे एक नळी दुसरीस भिडते तेथे तिचे टोक माशाच्या तोंडासारखे कोरावे लागते. फट राहिली तर वेल्डिंगचा धातू ती भरतो खरा, पण जोड दुबळा राहतो. हे सारे जिग नावाच्या भक्कम चौकटीवर चालते. तीत मान, इंजिन व मागचा आस आधी जागच्या जागी जखडतात, आणि मग त्यांच्यामधून नळ्या बसवितात. प्रथम केवळ टाके घालून सर्व मापे पुन्हा पाहतात. वेल्डिंगचा धातू निवताना आकसतो आणि नळीस आपल्याकडे ओढतो. म्हणून कसबी कारागीर एक जोड एका दमात पुरा करीत नाही. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, असा तो फिरत राहतो. इतके करूनही मान किंचित सरकली, तर दोन्ही चाके एका रेषेत राहणार नाहीत.

लांब फोर्क ही लांब पहारच होय. खड्ड्यात बसलेला धक्का तिच्या टोकाशी पडतो आणि मानेच्या जोडास उचकटू पाहतो. म्हणून तेथे पोलादी पत्र्याचे तिकोनी आधार देतात. काही हौशी लोक जोड घासून गुळगुळीत करतात व त्यावर पुट्टी थापून रंग देतात. शोभा वाढते, मात्र जोड घासून पातळ होतो आणि उद्या तडा गेलाच तर तो पुट्टीखाली दिसत नाही. असल्या शोभेचे कौतुक करणे कठीण आहे. पुढचा ब्रेक काढून टाकण्याची जुन्या चॉपरवाल्यांची तऱ्हाही त्याच मासल्याची. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर सरकतो व मागचे हलके होऊन घसरू लागते. लांब, बुटक्या गाडीत हा भार कमी सरकतो इतकेच.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास गाडीत करता येत नाही. तेव्हा घरच्या गाडीच्या मानेस करवत लावण्याचा विचारही कोणी करू नये. ट्रेल मोजण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नाही, आणि त्यासाठी जुनी सायकलही चालते. स्वार बसलेला असावा, कारण त्याच्या भाराने टायर व स्प्रिंगा दबतात. चाक सरळ धरावे. मानेलगत एक लांब सरळ काठी धरून ती जमिनीस टेकते तेथे खडूची खूण करावी. चाकाच्या आसापासून ओळंबा सोडून दुसरी खूण करावी. दोन खुणांतील अंतर फूटपट्टीने मोजता येते.