बेटावर जातांना सामान किती न्यावें?

प्रवासाचा बेत ठरला कीं घरांत पहिली चर्चा होते तिकिटांची आणि दुसरी बॅगांची. तिकिटांची चर्चा पुरुषमंडळी मोठ्या उत्साहानें करतात. बॅगा भरण्याचें काम मात्र न बोलतां घरांतील एका बाईकडे जातें. नऊ माणसांचे कपडे, मुलांचा खाऊ, आजोबांचीं औषधें, आजींची जपमाळ, हें सर्व तिनें ध्यानांत ठेवावयाचें आणि इतरांनीं ‘माझा टॉवेल कोठें आहे?’ एवढेंच विचारावयाचें, अशी बहुतेक घरांची रीत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांत आम्ही सहकुटुंब मॉरिशसला गेलों, तेव्हां या रीतीची किंमत आम्हांस कळली. तो प्रसंग पुढें सांगूंच. प्रथम बेटाविषयीं व तेथील गरजांविषयीं.

मॉरिशस म्हटलें कीं उन्हांत चमकणारा समुद्रकिनारा डोळ्यांपुढें येतो आणि बॅगेंत केवळ पातळ सुती कपडे पडतात. पहिली चूक येथेंच होते. हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथील ऋतु आपल्याहून उलट आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा. त्यांतहि जानेवारी ते मार्च हे महिने विशेषतः चक्रीवादळांचे. मे ते ऑक्टोबर हिवाळा. आपल्या मुलांना मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हां तेथें हवा निवूं लागलेली असते. शिवाय बेटाचा मधला भाग उंच पठाराचा आहे. क्यूरपीप हें गांव सुमारें साडेपांचशे मीटर उंचीवर असून तेथें किनाऱ्यापेक्षां थंडी व पाऊस दोन्ही अधिक. ज्या गंगातलावावर महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते, तोहि याच उंच भागांत आहे. किनाऱ्यावरचें ऊन पाहून निघालेली आमची मंडळी तलावाच्या कांठीं धुकें, वारा व सरी यांत सांपडली आणि आजी व आजोबा यांना एकच शाल वांटून घ्यावी लागली. म्हणून प्रत्येकानें एक पातळ स्वेटर व एक हलका रेनकोट घ्यावाच. छत्री त्या वाऱ्यापुढें टिकत नाहीं. सुती कपड्यांचे चार-पांच जोड पुरेत, कारण ते रात्रीं धुऊन वाळवितां येतात. भारी साड्या कपाटांतच बऱ्या.

बेटाच्या बहुतेक किनाऱ्याभोंवतीं प्रवाळाची भिंत आहे. त्यामुळें आंतलें पाणी पुष्कळ ठिकाणीं उथळ व शांत असतें. परंतु तळाशीं प्रवाळाचे धारदार तुकडे व काटेरी जीव असतात. दगडासारखा दिसणारा, विषारी काट्यांचा एक मासाहि असतो. पाण्यांत घालावयाचे रबरी तळव्याचे बूट म्हणूनच चैनीचे नव्हेत, गरजेचे आहेत. मुलांना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, मोठ्या कांठाची टोपी आणि अंग पुसण्यास जाड टॉवेलाऐवजीं पंचा द्यावा. तो लवकर वाळतो व जागाहि थोडी अडवितो. डांसांसाठीं अंगास लावण्याचें मलम अवश्य न्यावें. २००५-०६ सालीं या बेटावर चिकुनगुन्याची मोठी सांथ आली होती व २०२५ सालीं तो रोग पुन्हां आढळला.

आतां खाद्यपदार्थ. परदेशांत शाकाहारी माणसाचे हाल होतील या भीतीनें अर्धी बॅग फराळानें भरते. मॉरिशसपुरती ही भीति निराधार आहे. तेथें तांदूळ, डाळ, पीठ, दूध सर्व मिळतें. रस्त्यावर ‘ढोलपुरी’ विकतात, पिवळी डाळ शिजवून, वाटून भरलेली ती पातळ पोळी पाहतांच आजी म्हणाल्या, “अगबाई, ही तर बिनगुळाची पुरणपोळी!” मेतकुटाची एक पुडी व मुलांपुरता कोरडा खाऊ पुरे. मात्र ताजीं फळें, भाज्या, फुलें, बियाणें व रोपें परवान्यावांचून बेटावर नेतां येत नाहींत. म्हणून हापूस आंबे, विड्याचीं पानें व तुळस घरींच ठेवावीं. सुकें खोबरें तेलकटपणामुळें पेट घेण्याजोगें मानलें जातें. विमानाच्या सामानांत तेंहि बांधूं नये.

आतां तो प्रसंग. आमच्या आजोबांना इन्सुलिन घ्यावें लागतें. वहिनींनीं तें हातांतल्या पिशवींत नीट ठेवलें होतें. निघण्याच्या रात्रीं पिशवी फार फुगली म्हणून आमच्यांपैकींच एकानें, कोणास न विचारतां, औषधांचा डबा मोठ्या बॅगेंत टाकला. मॉरिशसला उतरल्यावर नेमकी तीच बॅग आली नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मिळाली. डॉक्टरांची चिठ्ठीहि तिच्यांतच! शेवटीं पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून चिठ्ठीचें छायाचित्र मागविलें, तेथील डॉक्टरांना गांठलें आणि रात्रीं उशीरां औषध मिळालें. तोंवर आजोबा शांत होते. वहिनी मात्र डोळे पुशीत होत्या. चूक त्यांची नव्हती, तरी जबाबदारी सर्वांनीं त्यांच्याच माथीं ठेवलेली होती.

विमानाच्या पोटांत ठेवलेलें इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा धोका असतो. तें नेहमीं जवळच हवें. इतर नित्याचीं औषधेंहि मूळ वेष्टनांत, चिठ्ठीसह व चार दिवस अधिक पुरतील इतकीं जवळ असावींत. चिठ्ठीची एक प्रत दुसऱ्याच्या खिशांत असावी. पासपोर्ट, परतीचें तिकीट व उतरण्याच्या जागेचा पुरावा यांसहि हाच नियम. फोनची जादा बॅटरीहि हातांतल्याच सामानांत चालते. तेथील विजेचे खटके बहुधा ब्रिटिश धर्तीचे, चौकोनी तीन पिनांचे. त्यांसाठीं एक जोडपिन घ्यावी. २०१६ पासून तेथें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून दोन कापडी पिशव्या असाव्यात. जें तेथें विकत मिळतें तें नेऊं नये. ज्यावांचून एक रात्र निघणार नाहीं तें नजरेआड होऊं देऊं नये.

परतण्यापूर्वीं पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट आम्हीं पाहिला. १८३४ पासून सुमारें पांच लाख मजूर करारानें याच बंदरांत उतरले. त्यांत कोंकणांतून गेलेलीं मराठी माणसेंहि होतीं. त्यांचे वंशज आज गणेशचतुर्थी साजरी करतात व त्या दिवशीं देशभर सुट्टी असते. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर उभें राहून आमच्या मोठमोठ्या बॅगांची आम्हांस लाज वाटली.

तेव्हांपासून घरांत नियम झाला आहे: ज्याची बॅग त्यानें भरावी व त्यानेंच उचलावी. मुलांनाहि यादी करून देतों. एखादें विसरलें तर त्यांचें तींच भोगतात. पुढच्या प्रवासास निघतांना आजोबांनीं औषधांची पिशवी स्वतः गळ्यांत अडकविली, आणि वहिनी विमानतळावर प्रथमच पुस्तक उघडून बसल्या.