सायलेन्सर बदलूनही आवाज का उरतो?

यंत्रांचा गोंगाट : भाग ६

गेल्या भागात डेसिबलच्या बेरजेचा हिशोब पाहिला. सारख्याच आवाजाची दोन यंत्रं शेजारी लावली तर मीटरवरचा आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ ने वाढतो. हाच हिशोब घेऊन आज उजनीच्या फुगवट्यावर जायचं आहे.

उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. पावसाळ्यानंतर काठोकाठ आलेलं पाणी उन्हाळ्यात एवढं मागे सरतं, की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं. पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामध्ये मग गाळाचा लांबच लांब पट्टा उरतो. तिथे होडी रुतते आणि ट्रॅक्टरही रुततो. चिखलात आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी उभयचर गाडी कुठे शोभेल, तर अशाच काठावर. कॅनडात १९६७ पासून ‘आर्गो’ नावाच्या अशा सहा-आठ चाकी गाड्या बनतात. आपल्याकडे चंदीगडच्या जेएसडब्ल्यू गेको मोटर्सची ‘अ‍ॅटोर’ सैन्याने घेतली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबातल्या पुरात वापरली.

इंदापूरला उद्या अशी छोटी गाडी बनली, तर इंजिन कुठलं बसेल याचा अंदाज अवघड नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. त्याच्या डिझेल आपे रिक्षाने इकडच्या दोन पिढ्यांना सिंगल सिलिंडरची ओळख करून दिली. साधं, काटकसरी, कुठल्याही गॅरेजात उघडता येणारं इंजिन. पण त्याच्या शेजारी बसून बोलायचं म्हणजे ओरडायचं.

बहुतेकांचा पहिला उपाय एकच असतो, सायलेन्सर मोठा करा. उपाय चुकीचा नाही, अपुरा आहे. समजा, गाडीपासून ठरावीक अंतरावर धुराच्या नळीचा आवाज ९५ डेसिबल, इंजिनाच्या धडाचा ८८ आणि हवा ओढण्याच्या तोंडाचा ८५ आहे. तिन्ही मिळून ९६ येतात. आता नळीचा आवाज जादूने शून्य केला तरी उरतात जवळजवळ ९०. खर्च सगळा नळीवर झाला आणि फायदा ६ डेसिबलचा.

तरी सुरुवात नळीपासूनच करायची, कारण सगळ्यात मोठा आवाज तिचाच. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दर दुसऱ्या फेरीला एक स्फोट, म्हणजे सेकंदाला २५. गरम धुरात २५ हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे २० मीटर लांब असते. तिला अडवेल असा सायलेन्सर गाडीत मावणारच नाही. नशीब असं, की एवढा खर्जातला आवाज कानाला फारसा लागत नाही. त्रास होतो तो त्याच्या पटींचा, ५०, ७५, १०० आणि त्यापुढच्या. त्यांच्यासाठी रिकामी कोठी पुरते. नळीच्या तिप्पट व्यासाची ६० सेंटिमीटर लांब कोठी २०० हर्ट्झच्या आसपास १३ डेसिबलपर्यंत आवाज खाते, पण ४०० च्या सुमाराला तिचा उपयोग शून्य होतो. म्हणून जाणता फॅब्रिकेटर एक लांबलचक कोठी न करता आत पडदा घालून दोन असमान कोठ्या करतो. एक जिथे कमी पडते तिथे दुसरी काम करते. ४०० सीसीच्या इंजिनाला एकूण जागा चार-पाच लिटरची तरी हवी.

पाण्यातली खरी अडचण पुढेच आहे. होडीला आऊटबोर्ड मोटार लावली की धूर पाण्याखाली सोडतात आणि आवाज तिथेच दबतो. मग उभयचर गाडीत हेच का नको? एक तर दर १० सेंटिमीटर खोलीमागे सुमारे १ किलोपास्कल दाब इंजिनाला उलट ढकलावा लागतो. तो एक वेळ सोसेल. पण पाण्यात इंजिन बंद पडलं की नळीतला धूर थंड होऊन आकसतो आणि पाणी वर ओढलं जातं. ते सिलिंडरपर्यंत पोचलं आणि कुणी स्टार्टर मारला, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून अशा गाडीत धुराची नळी उंच चढवून, वर वाक देऊन, पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच वर सोडणंच शहाणपणाचं. म्हणजे आवाज थेट चालकाच्या कानाशी. नळीचं तोंड मागे आणि बाहेरच्या बाजूला वळवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता धडाकडे. उभयचर गाडीचं अंग म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा बंद हौद. त्यात इंजिन घट्ट बोल्टने बसवलं की अख्खा हौद हलगीसारखा वाजतो. इथे इंजिनाखालच्या फाउंडेशन रबराचं महत्त्व. डिझेल पिऊन फुगलेलं, चिरलेलं रबर काढून पाहा, बोल्ट ब्रॅकेटला घासून चकाकत असतो. तेवढ्या चकाकत्या ठिपक्यातून इंजिनाची सगळी थरथर हौदात उतरते. नवं रबर पुरेसं मऊ हवं, म्हणजे चालत्या फेऱ्यांना थरथर खाली जात नाही. त्याची किंमत म्हणून इंजिन बंद करताना गाडी शेवटचा एक हिसका देणार. आपेवाल्यांना तो ठाऊक आहे. रबर नवं बसवून सायलेन्सरची कडक नळी मात्र तशीच हौदाला वेल्ड केली, तर थरथर त्या वाटेने जाते. मध्ये फ्लेक्सिबल पाइपचा तुकडा हवाच.

इंजिनावर पेटी घालणारेही भेटतात. पेटीला थंड हवेसाठी भोकं लागतात आणि भोकं फार निर्दयी असतात. पेटीचा दहावा भाग उघडा राहिला तर भिंत कितीही जाड असली तरी १० डेसिबलच्या पुढे फायदा मिळत नाही. हवेची वाट वाकडी करून तिला आतून फोमचं अस्तर द्यावं लागतं. हा फोम आवाज शोषणाऱ्या उघड्या छिद्रांचा, तेल आत जाऊ नये म्हणून वरून पातळ पापुद्रा असलेला आणि सहज पेट न घेणारा हवा. हौदात डिझेल सांडतंच.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय वेगळाच आहे आणि तो कुणी करत नाही. डिझेल इंजिनाच्या धडाचा आवाज, फेरे दुप्पट झाले की साधारण ९ डेसिबलने वाढतो. पाण्यात ही गाडी टायरच्या खाचांनी वल्हवत चालण्याच्याच वेगाने जाते, पण त्यासाठी इंजिन पिळतात. गिअरचं गुणोत्तर बदलून तेच काम ३,००० ऐवजी २,००० फेऱ्यांत झालं, तर पाचेक डेसिबल फुकट सुटतात.

हा सगळा खटाटोप कशाला? उजनीच्या काठी भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. थंड पहाटे पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली, की आवाज वर न जाता वाकून पुन्हा खाली येतो. इंजिनाची धडधड सपाट पाण्यावरून लांबवर पोचते आणि थवा उठतो. पक्षी पाहायच्या फेऱ्यांसाठी मी तर डिझेलचा विचारच करणार नाही. बॅटरीवरची आपे २०१९ मध्ये बाजारात आली. फेरी छोटी, वेग कमी, तिथे विजेची मोटारच बरी. बचावाचं काम निराळं. २१ मे २०२४ ला उजनीच्याच पाण्यात कुगाव ते कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. अशा वेळी लांबचा पल्ला आणि भरवशाचं इंधन लागतं, म्हणून डिझेल. पण पाण्यातून आलेली हाक चालकाला ऐकू यायची, तर इंजिन गप्प हवं. बचावाच्या गाडीत आवाज कमी असणं ही चैन नाही.

पैसे कुठे घालायचे हे ठरवायला एक जुनी युक्ती आहे. गाडी कोरड्यावर उभी करा. सायलेन्सरच्या तोंडाला लोखंडी नळ्या जोडून धूर दहा-पंधरा मीटर लांब, भिंतीआड न्या. इंजिन नेहमीच्या फेऱ्यांवर ठेवून चालकाच्या कानाजवळ मीटर धरा. आकडा फारसा उतरला नाही, तर नव्या सायलेन्सरची ऑर्डर थांबवा. मग एअर फिल्टरच्या तोंडालाही तशीच नळी लावून पुन्हा मोजा. त्यानंतर जे उरेल, ते रबर, हौद आणि फेरे या तिघांचं.