मोठा मासा नेमकं काय सांगतो? गळ, डायरी आणि एक वर्ष

नेहमीप्रमाणे हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'हां', 'ना' बरेचसे कापलेत, थोडे मुद्दाम ठेवलेत.

आजचा विषय पाण्यातला आहे. गेल्या जूनपासून यंदाच्या जूनपर्यंत मी ४६ वेळा गळ घेऊन पाण्याकाठी बसलो. बहुतेक वेळा इंग्लंडमध्ये, कारण नोकरीसाठी सध्या मुक्काम नॉटिंगहॅमला आहे, आणि डिसेंबरच्या सुट्टीत आपल्याकडे. एकूण २८४ तास. त्यातले २१ दिवस कोरडे गेले. जे मासे लागले ते सगळे परत पाण्यात सोडले. आई दर रविवारी फोनवर विचारते, "धरून सोडूनच द्यायचा, तर धरतोस कशाला?"

प्रश्न रास्त आहे. गळाला लागलेला मासा दमतो, त्याला त्रास होतो, हे मान्य करूनच पुढे जाऊ. मग तो त्रास देऊन मी घरी काय आणतो? माझं उत्तर आहे, नोंद. आता हे उत्तर कितपत पटतं ते शेवटी तुम्हीच ठरवा.

स्पेसिमेन म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा एक प्रकार आहे, त्याला 'स्पेसिमेन' फिशिंग म्हणतात. यात किती मासे धरले याला महत्त्व नाही. एखाद्या जातीचा, त्या जातीच्या मानाने खूप मोठा मासा धरायचा. बार्बेल नावाचा नदीतला मासा १० पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा झाला की लोक टोपी काढतात. पाइक २० पौंडांचा लागतो. पण रोच नावाचा छोटा चंदेरी मासा २ पौंडांचा, जेमतेम ९०० ग्रॅमचा मिळाला, तरी तो तितकाच मोठा पराक्रम. क्रिकेटमध्ये अकराव्या नंबरच्या खेळाडूने अर्धशतक मारावं, तसं.

यासाठी लागतो धीर, आणि माशाला जपायची सामग्री. काठावर अंथरायची ओली गादी, खवले निघू नयेत म्हणून रबराचं जाळं, वजनासाठी ओली झोळी. गळाला उलटा काटा नसतो किंवा तो चेपून टाकलेला असतो, म्हणजे गळ अलगद सुटतो. बार्बेल तर सोडतानाही धरून ठेवावा लागतो. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून हातात पाण्याखाली धरायचा. कल्ल्यांतून पाणी फिरू द्यायचं. त्याच्या अंगात ताकद आली की तो स्वतःच शेपटीचा फटका मारून निघून जातो. कधी एक मिनिट, कधी दहा. उन्हाळ्यात पाणी फार तापलं तर गळ टाकायचाच नाही, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि दमलेला मासा सावरत नाही.

१६ जून, ट्रेंट नदी

इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून अशा मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात ना, त्याच जातीचा नियम. त्यामुळे १६ जून हा इथल्या गळवाल्यांचा पाडवा. परवाना काढलेला, सुट्टी टाकलेली.

माझी नदी ट्रेंट. एकेकाळी कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने खराब झालेली ही नदी आता बरीच सुधारलीय आणि तिच्यात बार्बेल चांगले आहेत. काठावरून रॅटक्लिफ वीज केंद्राचे आठ अवाढव्य कूलिंग टॉवर दिसतात. ब्रिटनमधलं कोळशावरचं हे शेवटचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं.

पहिल्याच दिवशी मी डायरी सुरू केली. डायरी कसली, फोनमधली स्प्रेडशीट. इंजिनिअर माणूस, सवय जात नाही! कॉलम असे: तारीख, जागा, किती तास बसलो, पाण्याचं तापमान, माशाची जात, वजन, आणि शेवटचा कॉलम 'लहान मासे दिसले का'. कोरडा दिवस असेल तरी ओळ भरायचीच. हा नियम आपल्या एपिसोडचा गाभा आहे, त्यामुळे लक्षात ठेवा.

ट्रेंटवर वर्षभरात १५० तास झाले आणि ३० बार्बेल मिळाले. म्हणजे सरासरी पाच तासांना एक. त्यातले चार १० पौंडांच्या वरचे, सगळ्यात मोठा ११ पौंड ६ औंस. आणि नऊ मासे ३ पौंडांच्या आतले, पोरंसोरं. फोटो अर्थातच मोठ्या चौघांचे काढले. पण मला जास्त आनंद त्या नऊ पोरांचा झाला. का, ते सांगतो.

मोठा मासा कधी होतो?

इथल्या मासेमारीतली सगळ्यात गाजलेली गोष्ट घ्या. हेरफर्डशरमध्ये रेडमायर नावाचं जेमतेम तीन एकरांचं तळं आहे. १३ सप्टेंबर १९५२ ला रिचर्ड वॉकर या गड्याने तिथे ४४ पौंडांचा, म्हणजे साधारण २० किलोचा कार्प धरला. तेव्हाचा तो ब्रिटनमधला विक्रम. मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवला, लोकांनी त्याचं नाव ठेवलं क्लॅरिसा, आणि ती १९७१ पर्यंत तिथे जगली.

आता गंमत बघा. त्या तळ्यात १९३४ मध्ये फक्त ५० छोटे कार्प सोडले होते. खाणारी तोंडं कमी, खाणं भरपूर. मासे मोठे होणारच! म्हणजे एखाद्या पाण्यात राक्षसी मासा आहे, यावरून तिथे मासे भरपूर आहेत असं ठरत नाही. कधी कधी नेमकं उलट असतं. मासे थोडे उरलेत, म्हणून ते मोठे झालेत. तळ्याच्या बाबतीत हे चालून जातं, मालक पुन्हा मासे आणून सोडतो. नदीच्या बाबतीत मात्र हे भयंकर असू शकतं.

डिसेंबर: पवई आणि वाळणकोंड

सुट्टीत घरी आलो. मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संस्था आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. ओळखीच्या एका काकांबरोबर, परवानगी काढून, दोन सकाळी तिथे बसलो. १८९१ च्या सुमाराचा हा तलाव. एका बाजूला आयआयटी, दुसऱ्या बाजूला टॉवर, पाण्यावर जलपर्णीचे गालिचे.

इथला मोठा मासा म्हणजे कटला. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातलं बारीक प्लवंग गाळून खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणजे एकाच तलावात तीन मजली खानावळ! त्यामुळे कटल्यासाठी आमिष तळाला टाकून उपयोग नाही, फ्लोट लावून वर लटकवावं लागतं. काकांनी शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं पीठ आणि स्वतःचा एक गुप्त मसाला मळला. मी दर तासाला फोनमध्ये नोंद करत होतो. ते म्हणाले, "अरे, गळ टाकलेल्याने घड्याळ बघायचं नसतं." दुसऱ्या सकाळी एक कटला मिळाला, चार किलोचा. काका त्याला 'बाळ' म्हणाले.

मग महाड तालुक्यात वाळणकोंडला गेलो. गळ घरी ठेवून. काळ नदीच्या या डोहात वरदायिनी देवीचे मासे आहेत, ते कुणी धरत नाही. महाशीर! कुरमुरे टाकले की काळ्या पाठी एकावर एक उसळतात. काठावर उभं राहून मी फक्त बघत होतो. हातभर लांबीचे होते, आणि त्यांच्या मागे बोटभर लांबीचेही होते. डायरीचा शेवटचा कॉलम, 'लहान मासे दिसले का', तिथे मी मोठ्या अक्षरांत 'हो' लिहिलं.

लोणावळा ते कावेरी

आता मुख्य गोष्ट. ती महाराष्ट्रातून सुरू होते.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. आज त्याला टॉर खुद्री म्हणतात. निळसर परांचा हा महाशीर आपल्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला. धरणं, प्रदूषण, सुरुंगाने होणारी मासेमारी यांनी तो कमी होत गेला. तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर त्याची कृत्रिम वीण यशस्वी झाली आणि लाखो पिल्लं तयार होऊ लागली. काम खरंच मोलाचं होतं. ही पिल्लं देशभरच्या पाण्यांत सोडली गेली. कर्नाटकातल्या कावेरीतसुद्धा.

पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर बैलासारखं वशिंड असलेला, प्रचंड मोठा होणारा. १९४६ मध्ये कबिनी नदीवर व्हॅन इंगेन यांनी धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महाशीर अजून सांगितला जातो. याच माशासाठी जगभरचे गळवाले कावेरीकाठच्या कॅम्पांवर यायचे. धरायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं, सोडायचा.

त्यातल्या गालिबोर कॅम्पच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. २३ हजारांहून जास्त तास, ६ हजारांहून जास्त महाशीर. पहिल्या नजरेला चित्र छान होतं. दर तासाला मिळणारे मासे वर्षागणिक वाढत होते. कुणीही म्हणेल, नदी मजेत आहे!

मग त्यांनी जातीनुसार नोंदी वेगळ्या केल्या आणि चित्र पालटलं. वाढत होता तो निळ्या परांचा, बाहेरून आणून सोडलेला. वशिंडवाला कमी कमी होत होता. आणि जे थोडे वशिंडवाले मिळत होते ते आकाराने मोठे मोठे होत चालले होते. म्हणजे म्हातारे उरले होते, मागून पिल्लं येत नव्हती. गळवाल्याला वाटत होतं, काय जबरदस्त मासा लागला! खरं तर तो शेवटच्या पिढीतला मासा होता.

यापेक्षा मोठी पंचाईत म्हणजे या माशाला धड शास्त्रीय नावच नव्हतं. शंभराहून जास्त वर्षं लोक त्याचे फोटो काढत होते, पण नाव पक्कं नाही, म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद नाही. अखेर मोयार नदीत जिवंत मासे मिळाले, डीएनए तपासला, आणि २०१८ मध्ये ठरलं की केरळमधल्या पांबार नदीतून वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. त्याच वर्षी त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. आपला खुद्री मात्र धोक्याच्या यादीतून बाहेर आला.

यात खलनायक शोधू नका. एका नदीतला मासा वाचवणाऱ्यांनी चांगल्या मनाने तो दुसऱ्या नदीत पाठवला. तेव्हा दोन महाशीर वेगळे आहेत हा फरकच कुणी कागदावर पक्का केला नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर एक कॉलम कमी होता.

तो परिसर अभयारण्यात असल्यामुळे २०१२ मध्ये कायद्याच्या मुद्द्यावर तिथली गळाची मासेमारी थांबली. अभयारण्यात नियम हवाच. पण त्या दिवसापासून कॅम्पच्या वहीतली नोंदही थांबली, हेही तितकंच खरं.

मग तुम्ही काय करायचं?

तुमच्यापैकी बरेच जण गावी गेलात की नदीवर, धरणावर गळ टाकता, हे मला मेसेजवरून माहीत आहे. धरलेला मासा खात असाल तर खुशाल खा. फक्त अभयारण्यात आणि देवाच्या डोहात गळ नको, आणि बाजारातून किंवा टाकीतून आणलेला मासा नदीत सोडायचा नाही, कितीही पुण्य वाटलं तरी. फोनमध्ये चार गोष्टी लिहा: कुठे, किती तास, कोणती जात, किती लहान-मोठा. जात ओळखता आली नाही तर डोकं, पर आणि तोंड स्पष्ट दिसेल असा बाजूने फोटो काढा. कोरडे दिवस गाळू नका. फक्त यशाचे फोटो ठेवले, तर मासे निम्मे झाले तरी गॅलरी तशीच भरलेली दिसते. आणि गावातल्या म्हाताऱ्या भोयांना, कोळ्यांना विचारा, पूर्वी कोणता मासा यायचा जो आता येत नाही. त्यांची उत्तरं नावासकट, जशीच्या तशी लिहून ठेवा.

आईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण त्या नऊ पोरांना तरी नीट सोडलंस ना?"

सोडलं. तोंड प्रवाहाकडे करून.

तुमच्या नदीतल्या माशांची नावं मला पाठवा, कोणत्या गावची ते लिहायला विसरू नका. पुढच्या एपिसोडमध्ये ती वाचून दाखवेन. भेटू!