केसावरून तोतया ओळखता येतो?



पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. तोतयाची अशीच एक गोष्ट आपल्या टेक्ससमध्येही आहे, आणि तिच्या निकालात केस कामी आले.

जेसी जेम्स हा मिझुरीचा दरोडेखोर १८८२ मध्ये मारला गेला. पण ‘तो मेलाच नाही’ अशी वदंता राहिली. जे. फ्रँक डाल्टन नावाचा एक म्हातारा तर ‘मीच जेसी’ असं सांगू लागला. तो १९५१ मध्ये ग्रॅनबरीला वारला. आपल्या फ्रिस्कोहून फोर्टवर्थच्या पलीकडे गेलं की हे गाव लागतं.

१९९५ मध्ये मिझुरीतल्या कर्नीची जेसीची कबर उघडली. १९०२ मध्ये त्याला शेतावरच्या जुन्या कबरीतून तिथे हलवलं होतं. शास्त्रज्ञांनी नव्या कबरीतले दात आणि जुन्या जागी मिळालेले केस तपासले, आणि जेसीच्या बहिणीच्या वंशजांच्या रक्ताशी ताडून पाहिले. धागा जुळला. पुढे २००० मध्ये ग्रॅनबरीची कबर उघडली, तर आत भलताच माणूस निघाला!

पण बहिणीचेच वंशज का? केसाच्या मुळाशी जिवंत पेशी असतात. कापलेल्या केसातला पेशीकेंद्राचा डीएनए मात्र बहुतांशी तुटून गेलेला असतो. टिकतो तो मायटोकाँड्रियाचा, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे भाऊंचा केस आज मिळाला, तरी नानासाहेबांच्या वंशजांशी ताडून उपयोग नाही. ते चुलतभाऊ, दोघांच्या आया वेगळ्या. इथे हवा मावशीकडून, लेकी-नातींमधून आलेला वारस.

यालाही मर्यादा आहे. एकाच मातृवंशाची असंख्य माणसं असतात. त्यामुळे जुळलं नाही, तर ‘हा तो नव्हे’ असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. जुळलं, तर ‘असू शकेल’ एवढंच. बाकी पुरावा कागदपत्रांनी द्यायचा.

आता तंत्र पुढे गेलं आहे. लाकोटा नेते सिटिंग बुल यांची केसांची बट स्मिथसोनियनने २००७ मध्ये त्यांच्या कुटुंबाला परत केली. पणतू अर्नी लापॉइंट यांचं नातं सिटिंग बुल यांच्या मुलीकडून येतं, त्यामुळे मायटोकाँड्रियाचा मार्ग बंद होता. शास्त्रज्ञांनी त्या बटेतून पेशीकेंद्राच्या डीएनएचे तुकडे वेचले आणि २०२१ मध्ये पणतूचं नातं सिद्ध केलं.

तुमच्या घरी बाळाचं जावळ किंवा आजीची बट जपलेली असेल, तर ती कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि वर नाव, तारीख लिहा. कुणाचा केस हेच ठाऊक नसेल, तर प्रयोगशाळा तरी तो कशाशी ताडणार?