विश्लेषण : डिजिटल चित्रस्पर्धेत बक्षीस तिघांना, बाकीच्यांच्या चित्रांवर अभिप्राय कसा द्यावा, कसा घ्यावा?

चित्रस्पर्धेचा निकाल लागतो, पहिली तीन नावे झळकतात आणि बाकीच्यांच्या हाती सहभागाचे ई-प्रमाणपत्र पडते. आपले चित्र नेमके कुठे कमी पडले, हे त्यांना कळतच नाही. कुणी धीर करून विचारलेच, तर 'छान आहे, प्रयत्न करत राहा' किंवा 'मजा नाही आली' यापलीकडे फारसे काही मिळत नाही. मोबाइल किंवा टॅबलेटवर चित्र काढणारे अनेक जण व्हिडिओ पाहून, स्वतःच्या बळावर शिकलेले असतात. त्यांच्या चित्राकडे जाणकाराने लक्षपूर्वक पाहण्याची संधी बऱ्याचदा स्पर्धेतच मिळते. त्या वेळी मिळालेले दोन शब्द पुढचे चित्र घडवू शकतात किंवा हातातले पेन खाली ठेवायला लावू शकतात. म्हणूनच अभिप्राय देण्याची आणि घेण्याचीही रीत समजून घेणे गरजेचे ठरते.

अभिप्रायाचा नेहमी फायदाच होतो का?

तसे नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये या विषयावरील जुन्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. हे प्रयोग केवळ कलेबद्दलचे नव्हते, वेगवेगळ्या प्रकारच्या कामांचे होते. अभिप्रायामुळे सरासरी कामगिरी सुधारते, असे त्यांना आढळले. मात्र एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून निघून 'मी कसा आहे' याकडे वळले की अभिप्रायाचा परिणाम कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये शिक्षणक्षेत्रातील अभिप्रायाचा अभ्यास मांडला. त्यातही व्यक्तीची स्तुती सर्वांत कमी उपयोगाची ठरली. 'तू हुशार आहेस' हे ऐकून बरे वाटते, पण पुढच्या चित्रात काय करायचे ते त्यातून कळत नाही. 'तुला रंगांची जाणच नाही' यातूनही ते कळत नाही आणि मन दुखावते ते वेगळेच.

मग उपयोगी अभिप्राय कसा असतो?

समजा, स्पर्धेचा विषय आहे 'पावसातले एसटी स्थानक'. एका चित्रात छत्री घेऊन उभी असलेली आजी आहे आणि मागे लाल बस. 'रंगसंगती जमली नाही' हा शेरा खरा असला तरी चित्रकाराच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्याऐवजी असे म्हणता येते : 'नजर आधी लाल बसवर जाते, आजी नंतर दिसते. तिची साडी आणि मागची भिंत जवळपास एकाच छटेची आहे. आजी हा चित्राचा मुख्य विषय असेल, तर भिंत थोडी उजळ करून पाहता येईल.'

यात तीन गोष्टी आल्या. पाहणाऱ्याला काय दिसले, ते कशामुळे दिसले आणि काय करून पाहता येईल. 'असेल तर' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. कदाचित चित्रकाराला आजी गर्दीत हरवलेलीच दाखवायची असेल. तसे असेल तर भिंतीची छटा चुकलेली नाही, उलट साधलेली आहे. चित्रकाराचा हेतू जाणून न घेता सुचवलेला बदल म्हणजे त्याच्या चित्रावर आपले चित्र लादणे होय.

चांगल्या बाजूचे कौतुकही तितकेच नेमके हवे. 'ओल्या फरशीवरच्या बसच्या प्रतिबिंबामुळे पाऊस न रेखाटताही जाणवतो' असे सांगितले, तर काय टिकवून ठेवायचे ते चित्रकाराला कळते.

परीक्षकाने सुरुवात कुठून करावी?

अमेरिकी कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी कलासमीक्षेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि शेवटी मूल्यमापन. आधी चित्रात काय काय आहे ते पाहायचे. मग रेषा, आकार, रंग, छायाप्रकाश यांची मांडणी तपासायची. त्यानंतर चित्र काय सांगते याचा विचार करायचा. चांगले-वाईट हा निवाडा सर्वांत शेवटी. घाईत नेमके उलटे होते. निवाडा आधी होतो आणि कारणे मागाहून शोधली जातात.

स्पर्धेत आणखी एक कसोटी असते, ती म्हणजे दिलेला विषय आणि नियम. चित्र सुरेख आहे, पण विषयाला धरून नाही, असे असेल तर तेवढेच स्पष्ट सांगावे. नाही तर चित्रकार विनाकारण आपल्या रेषेला दोष देत बसतो.

डिजिटल चित्रात वेगळे काय पाहायचे?

रचना, प्रमाण, यथार्थदर्शन हे कागदावरच्या चित्राचेच नियम इथेही लागू होतात. फरक एवढाच, की डिजिटल चित्रात तपासणीही सोपी असते आणि दुरुस्तीही. चित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहिले की कोणते आकार एकमेकांत मिसळले ते लगेच दिसते. ते आरशातल्यासारखे उलटे केले की चेहऱ्याचा किंवा शरीराचा तोल गेलेला असेल तर लक्षात येतो. नखाएवढे लहान केले की मुख्य विषय दूरवरूनही कळतो का ते समजते. अभिप्राय देणाऱ्याने आपले मत अशा एखाद्या चाचणीसोबत मांडले, तर चित्रकार ते स्वतः पडताळून पाहू शकतो.

तांत्रिक बाजूही सांगायला हवी. १०८० गुणिले १०८० पिक्सेलचे चित्र मोबाइलवर झकास दिसते. पण दर इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या मापाने ते जेमतेम ९ सेंटिमीटर भरते. ए-४ आकारासाठी साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. पडद्यावरचे झगमगते निळे-हिरवे रंग छपाईच्या शाईत फिके पडू शकतात. प्रवेशिका पोस्टर म्हणून छापली जाणार असेल, तर या गोष्टी चित्र काढायला घेण्याआधीच माहीत असाव्यात.

दुसऱ्याच्या चित्रावर थेट रेषा मारून दाखवण्याची सोयही डिजिटलमध्ये आहे. ती उपयोगी असली तरी आधी परवानगी घ्यावी, वेगळ्या लेयरवर आणि साध्या रेषांतच दाखवावे. पूर्ण रंगवून दिले तर ते चित्र कुणाचे, असा प्रश्न स्पर्धेत उभा राहू शकतो.

अभिप्राय कधी द्यावा?

कच्च्या रेखाटनाच्या टप्प्यावर रचनेबद्दल बोलता येते. मुदतीच्या आदल्या रात्री 'माणसाची जागाच बदल' असे सांगण्याला अर्थ नसतो. तेव्हा तासाभरात सुधारता येईल तेवढेच सांगावे. निकालानंतर चित्र बदलता येत नसते, म्हणून त्या वेळचा अभिप्राय पुढच्या चित्राच्या उपयोगाचा असावा. परीक्षकाने मात्र निकालापूर्वी एखाद्याच स्पर्धकाला खासगीत मार्गदर्शन करू नये. ते इतर स्पर्धकांवर अन्याय करणारे ठरते.

समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर चर्चा होणार असेल, तर अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची पद्धत उपयोगी पडते. ती १९९०च्या सुमारास आकाराला आली आणि आज नृत्याबाहेरही वापरली जाते. तिचेही चार टप्पे आहेत. आधी पाहणारे कलाकृतीत काय भावले, काय लक्षात राहिले ते सांगतात. मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. त्यानंतर पाहणारे तटस्थ प्रश्न विचारतात. 'एवढे काळे का केले?' या प्रश्नात मत दडलेले आहे. 'काळा रंग निवडताना काय मनात होते?' यात ते नाही. मत सर्वांत शेवटी येते आणि तेही कलावंताची परवानगी घेऊन.

चित्र 'एआय'चे आहे असा संशय आला तर?

२०२२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट फेअरच्या डिजिटल कला विभागात जेसन ॲलन यांनी 'मिडजर्नी' या एआय साधनाने तयार केलेल्या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले आणि जगभर वाद झाला. प्रवेशिकेत त्या साधनाचे नाव होते, पण ते एआय असल्याचे परीक्षकांना ठाऊक नव्हते. २०२४ मध्ये याच्या उलटे घडले. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने फ्लेमिंगोचे खरेखुरे छायाचित्र एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवले आणि तेही बक्षीसपात्र ठरले. खरा प्रकार कळल्यावर ते बाद झाले. नुसत्या नजरेवर विसंबून खरे-खोटे ठरवता येत नाही, हे दोन्ही घटनांतून दिसते.

म्हणून अभिप्रायात आरोप करू नये. शंका असेल तर ती आयोजकांकडे मांडावी. त्यांनी लेयरसह मूळ फाइल किंवा कच्ची रेखाटने मागवावीत आणि तसा नियम सगळ्यांसाठी आधीच जाहीर करावा. 'प्रोक्रिएट'सारख्या ॲपमध्ये चित्र घडतानाचा व्हिडिओ आपोआप साठवण्याची सोय असते. स्पर्धकांनी अशा नोंदी जपून ठेवल्या, तर प्रामाणिक चित्रकारावर किटाळ येत नाही.

अभिप्राय घेणाऱ्याने काय करावे?

प्रश्न जसा विचाराल तसे उत्तर मिळते. 'कसे वाटले?' असे विचारले की 'छान' हेच ऐकायला मिळणार. 'पहिली नजर कुठे गेली?', 'हे ठिकाण कोणते वाटते?', 'काय खटकले?' असे विचारले की माहिती मिळते.

उत्तर ऐकताना लगेच खुलासा देऊ नये. स्पर्धेत चित्रासोबत चित्रकार समजावून सांगायला उभा नसतो. पाहणाऱ्याला जे दिसले नाही, ते त्याच्यापुरते चित्रात नाही. टीका झोंबली तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावे. मग अभिप्रायाचे तीन भाग करावेत : लगेच पटलेले, करून पाहण्याजोगे आणि आपल्या हेतूशी न जुळणारे. तिसरा भाग आभार मानून बाजूला ठेवावा.

दोघांनी दोन वेगवेगळे उपाय सुचवले, पण दोघांचेही बोट चित्राच्या एकाच कोपऱ्यावर असेल, तर तिथे काही तरी अडले आहे हे नक्की. उपाय मात्र चित्रकाराने स्वतः शोधावा. 'पिक्सार' या ॲनिमेशन कंपनीत 'ब्रेनट्रस्ट' नावाची बैठक होते. तिथे सहकारी दिग्दर्शक चित्रपटातल्या त्रुटी रोखठोक सांगतात. पण ते मानायचे की नाही, हे त्या चित्रपटाचा दिग्दर्शक ठरवतो.

आयोजकांना हे परवडेल का?

राज्यातल्या कित्येक पिढ्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या. ए, बी, सी यांपैकी एक श्रेणी हाती आली, पण चित्रात काय साधले आणि काय निसटले, ते त्या एका अक्षरातून कळले नाही. मोठ्या परीक्षेत प्रत्येक चित्रावर लिहिणे अवघड असते. शाळा, महाविद्यालय किंवा मंडळाच्या शे-दीडशे प्रवेशिकांच्या स्पर्धेत मात्र ते शक्य आहे.

त्यासाठी गुणांच्या तक्त्यात तीन रकाने वाढवले तरी पुरते : चित्रात काय पोहोचले, काय अडखळले आणि पुढच्या वेळी काय करून पाहावे. प्रत्येकी एक वाक्य. एका चित्रामागे दोन मिनिटे धरली, तर १५० चित्रांना ५ तास लागतात. तीन परीक्षकांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन तासही येत नाहीत. एवढ्या वेळात बक्षीस न मिळालेल्या प्रत्येक स्पर्धकाला पुढचे चित्र कुठून सुरू करायचे ते कळते.